रिलीव्हर येईपर्यंत

या जगात आपलं काहीच नाही असं म्हणणारी माणसं पुष्कळ भेटतात. पण तसं म्हणत म्हणत अख्ख्या गल्लीची देखभाल अंगावर घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमचा घरमालक होता. 'घरमालक' या शब्दालाच त्यांची हरकत होती. गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाटबंधारे खात्यात असलेल्या बाबांची बदली भंडाऱ्याहून इकडे झाली होती, आणि रेल्वे लाइनच्या पलीकडच्या एका गल्लीत वरचा मजला भाड्यानं मिळतो असं कळल्यावर आम्ही तिघं तो बघायला गेलो होतो. फाटकाशी एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बिजागरीला तेल देत होते. बाबांनी विचारलं, "घरमालक आपणच का?" त्यांनी तेलाची कुपी खाली न ठेवता दुसऱ्या हाताचं बोट आभाळाकडे केलं आणि म्हणाले, "मालक वर आहे. मी फक्त पाहणारा." वरचा मजला रिकामा आहे असं आम्हाला सांगितलं होतं. आई घाबरून बाबांच्या मागे सरकली. मी आधीच आईच्या मागे होते.

ते, म्हणजे पुढे आमचे काका, ख्रिस्ती होते आणि रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. घर, अंगणातलं लिंबाचं झाड, स्वतःचे गुडघे, सकाळचा उजेड, हे सगळं देवाचं आहे आणि आपल्याला काही काळापुरतं सांभाळायला मिळालेलं आहे, असं ते मानत. हा विचार दर रविवारी चर्चमध्ये पुष्कळ लोक ऐकतात आणि घरी जाऊन जेवतात. काकांनी तो रेल्वेच्या नियमासारखा घेतला होता. सगळी नोकरी त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढली होती, आणि देवाकडे ते तिथूनच बघत. "गाडी रेल्वेची, माल ज्याचा त्याचा, इंजिन ड्रायव्हरच्या भरवशाचं," ते सांगत. "आपल्याजवळ काय? फक्त चार्ज." माणूस जन्मतो तेव्हा तो चार्ज घेतो, मरतो तेव्हा चार्ज देतो, आणि मधल्या काळात काही हरवलं, मोडलं किंवा गळलं तर वर जाऊन उत्तर द्यावं लागतं, इतकं त्यांचं धर्मशास्त्र सुटसुटीत होतं. मालक नसले तरी भाडं मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला तेच घेत, हे सांगितलं पाहिजे. त्या दिवशी ते जिन्याच्या तोंडाशी येऊन नुसते उभे राहत आणि खोकत.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी बाबांना खोल्यांचा चार्ज दिला. ही खिडकी, हिची कडी वर उचलून मग सरकवायची. हा नळ, याला जोरात पिळायचं नाही, तो जुना आहे, त्याला राग येतो. ही पाल, ती तुमच्या आधीपासून इथे आहे, तिला हाकलायचं नाही. आई पालीला भिते असं बाबा म्हणाले तर काका म्हणाले, "हाव, ती पण भेते. दोघींची ओळख होऊ द्या." पुढची अनेक वर्षं आई आणि ती पाल एकाच स्वयंपाकघरात एकमेकींना न बघितल्यासारखं करत वावरल्या.

घरपट्टीवाला आला की वेगळीच गंमत होई. तो खाली मालकाची चौकशी करी, काका बोट वर करत, तो आमच्याकडे चढून येई, बाबा त्याला खाली पाठवत. एका वर्षी तो बिचारा जिन्यात मधल्या पायरीवरच बसून राहिला. शेवटी काकूंनी पदराला हात पुसत बाहेर येऊन त्याला चहा दिला आणि पट्टी भरली. देव आणि नगरपरिषद यांच्यातला व्यवहार नेहमी काकूच बघत. काकू बुटक्या, गोल आणि नवऱ्याला अजिबात न घाबरणाऱ्या होत्या. बायकोसुद्धा आपल्याला सांभाळायला दिलेली आहे असं काका एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, तेव्हा त्या आतूनच म्हणाल्या, "मले नाही दिलं कोणी कोणाच्या चार्जमध्ये. यायलेच माझ्या चार्जमध्ये दिलं आहे."

बाबांचं आणि काकांचं संध्याकाळी ओसरीवर बसून चाले ते मात्र ऐकण्यासारखं असे. आमचं घर बौद्ध. आजोबांच्या पिढीनं छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून आमच्याकडे देवाचा विषय मिटलेला होता. काका म्हणत, हे सगळं एका मालकाचं आहे. बाबा म्हणत, आमच्याकडे मालकच नाही, आणि 'माझं' म्हणणारा 'मी' पण टिकाऊ नाही. म्हणजे दोघांपैकी एकाचंही काही नव्हतं. आता अशा दोन माणसांच्या मधे एक लिंबाचं झाड होतं. लिंबं पिकली की काका ती बाबांना देऊ बघत, कारण ती त्यांची नव्हती. बाबा घेत नसत, कारण ती यांचीही नव्हती. हा वाद रंगात आला असताना रस्त्यानं जाणारी शाळकरी पोरं कुंपणावरून हात घालून लिंबं नेत. ती नक्की कोणाची, याबद्दल त्या पोरांना काही शंका नसे.

त्यांच्या चर्चमध्ये धान निघालं की कापणीचा सण असे. कोणी धानाची पेंढी आणे, कोणी भोपळा, कोणी कोंबडी, आणि उपासना झाल्यावर आवारात त्या सगळ्याचा लिलाव होई. काकांना शेत नव्हतं. गार्डाच्या हाताला कसलं पीक येणार? म्हणून ते वर्षभर मोडक्या वस्तू दुरुस्त करत आणि त्या नेऊन वेदीपाशी ठेवत. एका वर्षी त्यात बाबांची छत्री गेली. बाबांनी ती काडी बसवायला दिली होती. काकांच्या मते छत्री देवाची, काडी देवाची, काडी बसवणारे हात देवाचे. मग ती परत देवाकडे गेली तर बिघडलं काय? बाबा दुपारी चर्चच्या आवारात गेले, भोपळ्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधे उभे राहिले आणि एका चढाओढ करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंशी झगडून स्वतःची छत्री बोली लावून सोडवून आणली. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "आमच्याकडे देव नाही, पण छत्री आहे." काकांनी मात्र त्यांना शाबासकी दिली. फक्त छत्री 'दिली' असं म्हणायचं नाही, 'वापस केली' म्हणायचं, अशी दुरुस्ती सुचवली. त्यांच्या मते देणं हा शब्दच खोटा होता. देणारा कोण आपण?

शरीराचाही त्यांनी चार्ज घेतलेला होता. सकाळी ते गुडघ्यांना तिळाचं तेल लावत आणि उठून दोनदा वाकून बघत, गाडी सुटण्याआधी ब्रेक बघतात तसे. जेवताना आग्रह केला की ताटावर हात आडवा धरत: "ओव्हरलोड नको." ताप आला तर ते कोणाला सांगत नसत, कारण ताप येणं ही देखभालीतली कसूर होती. दुपारची झोप म्हणजे झोप नव्हती. तिला ते इंजिनासारखं शेडमध्ये जाणं म्हणत.

त्यांची सगळ्यांत आवडती गोष्ट होती ती चर्चमध्ये ऐकलेली एका धन्याची. धनी परगावी जाताना चाकरांकडे धन सोपवून जातो. दोघं ते कामाला लावून वाढवतात. तिसरा भिऊन खड्डा खणतो आणि पुरून ठेवतो, आणि धनी परतल्यावर त्याची फजिती होते. त्या तिसऱ्या चाकरावर काकांचा फार राग होता. आपल्या गल्लीत ठिकठिकाणी असे खड्डे आहेत याची त्यांना खात्री होती, आणि ते उकरत हिंडणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. कोपऱ्यावरच्या एक बाई फार सुंदर भांडत. काकांनी त्यांना समजावलं की ही देणगी नळावर वाया जात आहे, नगरपरिषदेला उभ्या राहा. त्या खरोखर उभ्या राहिल्या, पडल्या, आणि मग पूर्वीपेक्षा मोठ्या व्यासपीठावरून बोलल्यासारख्या नळावर भांडू लागल्या. गल्लीनं काकांना याबद्दल कधी माफ केलं नाही.

आणि मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. मी तेव्हा सातवीत होते. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत हिंदी अशी माझी विभागणी होती, आणि तिन्ही भाषांमध्ये गप्प बसायचा मला चांगला सराव झाला होता. वर्गात मी हजेरी देत असे ती फक्त माझ्या शेजारणीला ऐकू जाई, मग ती माझ्या वतीनं ओरडे. काकांनी महिनाभर माझं निरीक्षण करून आईला निकाल सांगितला की या पोरीनं आवाज जमिनीत पुरून ठेवला आहे. उपाय त्यांच्याकडे तयार होता. शाळेतून आल्यावर मी ओसरीवर उभं राहून त्यांना मराठी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचं. ते स्वतः जाऊन फाटकाशी उभे राहत आणि दर दोन ओळींनी म्हणत, "ऐकू नाही येऊन राहिलं." मी पुन्हा वाचे. ते पुन्हा तेच म्हणत. समोरचा किराणा दुकानदार, मूळचा रायपूरकडचा, पुड्या बांधता बांधता मान हलवे आणि म्हणे, "गार्डसाब, बच्ची को छोड़ दो." ते सोडत नसत. मराठी वाचायला मी शाळेत शिकले नाही. धानाचे भाव, निधनवार्ता आणि 'पाहिजेत' अशा क्रमानं मी ती त्या ओसरीवर शिकले.

पण याहून मोठं संकट सकाळी असे. निवृत्तीच्या दिवशी काकांनी रेल्वेच्या झेंड्या, दिवा, शिट्टी सगळं मोजून परत केलं होतं. त्यानंतर पुष्कळ दिवस त्यांचे हात रिकामे रिकामे दिसत, म्हणून काकूंनी बाजारातून पॉपलिन आणून, एकाच दुकानातलं, एकाच पोताचं, एक हिरवी आणि एक लाल झेंडी शिवून दिली होती. शिट्टी त्यांनी स्वतः जत्रेतून आणली. मी सायकल काढून फाटकाबाहेर आले की काका ओसरीच्या पायरीवर उभे राहत, रस्ता दोन्हीकडे बघत, शिट्टी वाजवत आणि हिरवी झेंडी हलवत. सगळी गल्ली बघे. कोणी आपल्याकडे बघू नये एवढीच ज्या मुलीची आयुष्याकडून अपेक्षा होती, ती रोज सकाळी आगगाडीसारखी सुटत होती. मी आईकरवी विनवणी केली. काकांनी मोठ्या मनानं शिट्टी रद्द केली. झेंडी ठेवली. "झेंडीशिवाय गाडी कशी सोडू व? उद्या काही झालं तं उत्तर कोण देणार?"

त्यांचा दरेकशाचा किस्सा इथेच सांगून टाकते, कारण तो आम्ही इतक्यांदा ऐकला की आमच्या घराच्या मालमत्तेत तो धरायला हरकत नाही. दरेकसा म्हणजे डोंगरातलं, जंगलातलं छोटं स्टेशन. तिथे एकदा पावसात घाटात झाड कोसळलं आणि काकांची कोळशाची मालगाडी बाजूच्या लाइनवर अडकली. ड्यूटी संपली होती. दुसरा गार्ड, म्हणजे रिलीव्हर, यायला हवा होता, तो येईना. ड्रायव्हर स्टेशनात जाऊन बसला. काका शेवटच्या डब्यातून हलले नाहीत. जंगलात मजुरीला जाणाऱ्या एका गोंड बाईनं त्यांना पानात भात आणून दिला. आणि अस्वल आलं. आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते अस्वल दूर झाडीत खसफसलं होतं. पुढच्या वर्षी ते लाइनवर उभं राहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं डब्याच्या पायरीवर पाय ठेवला. मी दहावीत जाईपर्यंत ते जवळजवळ आत येऊन बसलं होतं. पण शेवट कधी बदलला नाही. दुसऱ्या दिवशी रिलीव्हर आला, काकांनी त्याला चार्ज दिला आणि मगच ते खाली उतरले. "रिलीव्हर आल्याशिवाय गार्ड गाडी सोडत नाही," हे वाक्य म्हणताना ते नेहमी उभे राहत.

मी दहावीत होते त्या वर्षी एका सकाळी काकांनी मला लाल झेंडी दाखवली.

मी ब्रेक लावला. मागून काही येत असेल म्हणून वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. काका झेंडी हलवतच होते. चेहऱ्यावर रोजचंच समाधान होतं. "काऊन थांबली?" ते म्हणाले. "जा ना. उशीर होऊन राहिला." मी काही बोलले नाही. बोलणं ही माझी सवय नव्हतीच, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण गप्प आहोत याचं ओझं वाटलं. मी निघाले. दुसऱ्या दिवशी झेंडी हिरवी होती, तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल. दुकानदारानं पाहिलं, त्या भांडणाऱ्या बाईंनी पाहिलं, आणि इतर वेळी कुठलीही गोष्ट पोटात न ठेवणारी ती गल्ली याबाबत चकार शब्द बोलली नाही. गार्डाला झेंडीचा रंग कळत नाही, हे गार्डाला कोणी सांगायचं? मी कित्येक दिवस लाल झेंडीवर शाळेत गेले.

मग बाकीच्या गोष्टी ध्यानात येऊ लागल्या. वाचताना काका फाटकाशी उभे राहीनासे झाले होते. ते खुर्ची माझ्या जवळ ओढत आणि 'ऐकू नाही येऊन राहिलं' म्हणण्याऐवजी 'हे परत वाच' म्हणत. पूर्वीसारख्या बातम्या त्यांनी आधीच स्वतः वाचून ठेवलेल्या नसत. बिजागरीचं तेल बिजागरीच्या बाजूला पडलेलं दिसे. पुढे चर्चच्या हॉलमध्ये डोळ्यांचं शिबिर भरलं. काका तिथे रांगा लावायला गेले होते. काकूंनी त्यांनाच हाताला धरून रांगेत उभं केलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. ऑपरेशन साधं होतं, लवकर करा, डॉक्टर म्हणाले. उशीर केला तर कठीण होईल.

काका नाही म्हणाले. कारण त्यांच्याकडे तयार होतं. डोळे मालकानं दिले होते. इतकी वर्षं वापरू दिले. आता तो वापस मागून राहिला आहे. चार्ज द्यायच्या वेळी नाही म्हणायचं, हे गार्डाचं काम नव्हे. हे सगळं ते इतक्या शांतपणे सांगत की ऐकणारा स्वतःच्या चष्म्याला ओशाळे. काकू रडल्या, मग भांडल्या. "सुई पाहिली का घाम सुटते यायले. नोकरीत असताना टोचून घ्यायचं होतं तं संडासात लपले होते. आता मालकाचं नाव कायले सांगून राहिले?" काका म्हणाले, ती गोष्ट वेगळी. बाबांनी आपल्या खात्यातलं उदाहरण दिलं: चोरखमाऱ्याच्या तलावाचं दार गंजलं तर आम्ही त्याला ग्रीस लावतो, पाण्याची इच्छा म्हणून सोडून देत नाही. काका म्हणाले, "ते सरकारचं आहे. सरकारले विचारता येते."

शेवटी काकूंनी चर्चच्या पाळकांना बोलावलं. ते तरुण, भले, घाईनं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी जीव तोडून समजावलं. पण अडचण अशी होती की सगळं देवाचं आहे आणि त्यानं मागितलं की कुरकुर न करता द्यावं, हे त्यांनीच दर रविवारी सांगितलं होतं, आणि काकांना ते सगळं पाठ होतं. पाळक दर वाक्याला आपल्याच एखाद्या प्रवचनाला अडखळत होते. उन्हाळ्याची दुपार होती. ओसरीवर पाळक, बाबा, दारात काकू, आणि कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन मी. कोणीतरी विषय बदलायला हवा म्हणून की काय, पाळकांनी नोकरीतलं काही विचारलं, आणि काकांनी दरेकसा काढलं. झाड पडलं. बाईनं भात आणला. अस्वल आलं, आत डोकावलं. नेहमीच्या जागी काका उभे राहिले. "पण म्या गाडी नाही सोडली," ते म्हणाले. "रिलीव्हर आल्याशिवाय गार्ड गाडी सोडत नाही."

"मग आता काऊन सोडून राहिले, काका?"

हे कोण बोललं ते मला सगळ्यांनी माझ्याकडे पाहिल्यावर कळलं. मी घरात कधी 'काऊन' म्हणत नसे, आई रागावायची. काका माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. त्यांचे डोळे माझ्या खांद्याच्या थोडे पलीकडे लागले होते.

"ऐकू नाही आलं," ते म्हणाले.

त्यांना ऐकू आलं होतं. इतक्या वर्षांनी एवढं मला कळत होतं. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि फाटकापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "रिलीव्हर आला काय, काका? कोणी आलं काय चार्ज घ्याले? नाही ना आलं? तुमचे डोळे असे सडवून कोणाले कामाचे? गळकं छप्पर तं तुम्ही मालकाची वाट पाहत नाही ठेवत, त्याच दिवशी वर चढता. मग हे काऊन ठेवून राहिले?" समोरच्या दुकानात तराजू थांबला. दुकानदार बाहेर आला आणि म्हणाला, "क्या हुआ बेटी?" मला रडू येत होतं म्हणून मी पुढे काही बोलू शकले नाही, नाहीतर त्या दिवशी मी नगरपरिषदेला उभी राहिले असते.

 काका हातानं खुर्ची चाचपून खाली बसले. "आता आलं ऐकू," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, काकूंकडे तोंड करून, अगदी हळू: "सुई लई मोठी रायते काय व?"

ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. सुईच्या वेळी त्यांनी काकूंचा हात इतका आवळला की डॉक्टरांना दोन रोगी बघावे लागले. पट्टी निघाल्यावर आम्ही सगळे काहीतरी हृद्य ऐकायला मिळेल म्हणून भोवती उभे होतो. काकांनी काळ्या चष्म्यातून खोलीभर पाहिलं आणि जाळी काढली नाहीत म्हणून काकूंना बोलले. मग चुना उडालेली भिंत, जिन्यातला धूसर बल्ब, बाबांनी बसवलेली खिडकीची चुकीची कडी, मी वाळलेली, दुकानदाराचा झुकता तराजू, सगळं त्यांना दिसू लागलं. पंधरवड्यात गल्लीला आपण काय करून बसलो ते उमगलं.

झेंड्यांचा विषय त्यांनी एकदाच काढला. मी सायकल काढत होते. त्यांनी दोन्ही झेंड्या उजेडात धरल्या होत्या आणि एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत होते.

"तुले लाल दाखवली काय व मी?"

"कधी कधी," मी म्हणाले.

"अन् तू गेली?"

"शाळा होती ना, काका."

त्यांनी लाल झेंडी काखेत मारली. मग म्हणाले, "नियमाच्या बाहेर आहे हे." आणि खिशातून शिट्टी काढून अशी वाजवली की कोपऱ्यावरच्या बाईसुद्धा दचकून नळावरून बाजूला झाल्या. त्या दिवसापासून शिट्टी पुन्हा सुरू झाली. मी विनवणी केली नाही.

त्याच वर्षी ते काकूंना घेऊन दवाखान्यात गेले आणि मरणानंतर डोळे घेऊन जा असं लिहून देऊन आले. बाबांनी अभिनंदन केलं, नेत्रदान फार मोठी गोष्ट आहे म्हणाले. काकांना ते पटलं नाही. "दान आपल्या वस्तूचं असते, भाऊ. ही वापसी आहे. मोतीबिंदू काढून, साफसूफ करून वापसी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता रिलीव्हरचा बंदोबस्त झाला."

बारावीनंतर मी नागपूरला शिकायला गेले. निघताना काका पायरीवर होते. ऑटो वळेपर्यंत ती हिरवी झेंडी मला दिसत होती. पुढे बाबांनी स्वतःचं घर बांधलं आणि आम्ही ती गल्ली सोडली. काकांनी बाबांकडून खोल्यांचा चार्ज परत घेतला, कडी, नळ, सगळं तपासून, आणि पाल कुठे दिसत नाही म्हणून जरा चिंता व्यक्त केली. आई म्हणाली, मागच्या हिवाळ्यात गेली ती. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पालीसाठी नव्हतं असं ती अजून म्हणते.

मी आता शिकवते. पहिल्या दिवशी वर्गात उभी राहिले तेव्हा शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, मॅडम, ऐकू येत नाही. मला एकदम बरं वाटलं.

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात होते. पोहोचेपर्यंत डोळे घेऊन जाणारी माणसं येऊन गेलीही होती. त्या वेळी काय झालं ते दुकानदारानं मला सांगितलं. काकू रडत नव्हत्या. त्यांनी त्या डॉक्टरांना बसवलं, पाणी दिलं, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं कधी झाली, कोणतं औषध घालत होते ते नीट सांगितलं. आणि ती माणसं डबा घेऊन निघाली तेव्हा फाटकापर्यंत जाऊन म्हणाल्या, "ज्याले द्याल त्याले सांगा, सांभाळून वापर म्हणाव. आमच्या यायचे नाहीत ते, वरच्याचे आहेत." मग आत येऊन त्यांनी झेंड्यांची घडी घातली.

ते डोळे कोणाला मिळाले हे सांगत नाहीत, आणि विचारूही नये. पण गोंदियाच्या स्टेशनावर उतरले, की गर्दीत कधीकधी एखादा अनोळखी माणूस माझ्याकडे, माझ्या बॅगेच्या तुटलेल्या पट्ट्याकडे, जरा जास्त वेळ निरखून बघतो. पूर्वी अशानं मी अंग चोरून घेतलं असतं. आता मी क्षणभर थांबते, त्याला नीट बघू देते आणि मग निघते. लाल दाखवली की हिरवी, ते बघून निघायची मला सवय नाहीच.